महाग नाही गं, परवडत नाही

गाइडेड टूर म्हटलं की माझ्या कपाळावर आधी आठ्या पडतात. कुणाच्या तरी उंच धरलेल्या छत्रीमागे मेंढरांसारखं चालायचं, "चाळीस मिनिटांत परत बोटीवर" हे ऐकायचं आणि शेवटी कुठल्यातरी दुकानात जाऊन पोचायचं. पण बरोबर आई होती, आणि व्हेनिसच्या पुलांच्या पायऱ्या चढून उतरून तिचे गुडघे बोलायला लागले होते. म्हणून म्युनिकहून भावाने 'तीन बेटं, अर्धा दिवस' असं बोटीचं तिकीट काढून पाठवलं तेव्हा मी निमूटपणे हो म्हटलं. ही गोष्ट सप्टेंबर २०२३ची. फोटो घरच्या सगळ्यांना केव्हाच गेलेत. फोटोत न आलेलं तेवढं इथे लिहिते आहे.

मुरानो काचेचं, बुरानो लेसचं आणि तोर्चेल्लो जवळजवळ निर्मनुष्य, असा क्रम होता. सान मार्को चौकाजवळून बोट निघाली. व्हेनिसभोवतीचं हे पाणी म्हणजे समुद्र नाही, उथळ खाडी आहे. बोटींनी कुठून जायचं हे दाखवायला पाण्यात लाकडी खांबांचे जुडगे रोवलेले असतात. ती वाट सोडली की बोट गाळात रुतलीच म्हणून समजा. आमची गाइड तीच माहिती एकापाठोपाठ एक पाच भाषांत सांगत होती. त्यातली एकच कळत असल्यामुळे उरलेल्या चार भाषांच्या वेळात आम्हाला मराठीत गप्पा मारायला भरपूर सवड मिळाली!

मुरानोला उतरलो ते थेट काचेच्या भट्टीपाशीच. आत बाक मांडलेले, समोर धगधगती भट्टी, आणि साठीच्या आसपासचा एक कारागीर. त्याने एक लांब पोकळ नळी भट्टीत घातली. "फुंकणीच की ही!" आई म्हणाली. खरंच, चुलीपुढची फुंकणी जरा मोठी केली की झालं. टोकाला मधासारखा केशरी गोळा घेऊन तो नळी सतत फिरवत होता, कारण फिरवणं थांबलं की काच ओघळते. मग एक गोळा चिमट्याने इथे ओढ, तिथे चिमट, असं करत दोनेक मिनिटांत त्याने मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा केला. टाळ्या पडल्या. त्याने त्या घोड्याला कागदाचा कपटा लावला, तो भुर्रकन पेटला. पुन्हा टाळ्या. आणि मग त्याने तो घोडा शांतपणे परत भट्टीत टाकला. काच सावकाश थंड करावी लागते, नाहीतर तडकते, आणि या दाखवायच्या घोड्यासाठी तेवढा खटाटोप कोण करणार? पुढचा गट दारात उभाच होता. दिवसाला असे किती घोडे जन्माला येऊन वितळत असतील कोण जाणे.

गाइडने सांगितलं की १२९१ साली व्हेनिसच्या सरकारने आगीच्या भीतीने सगळ्या काचभट्ट्या शहरातून मुरानोला हलवल्या. खरं आहे ते. पण बेटावर कारागीर एका जागी राहिले की गुपितंही एका जागी राहतात, हा फायदाही काही लहान नव्हता. मुरानोच्या काचकारांना मोठा मान होता. त्यांच्या मुलींची लग्नं सरदार घराण्यांत होऊ शकत. मात्र परवानगीशिवाय राज्य सोडून जायची मुभा नव्हती. कुणी गेलाच तर त्याला परत आणण्यासाठी घरच्यांना कैदेत टाकण्यापर्यंत मजल जाई. पंधराव्या शतकात आंजेलो बारोव्हिएर या कारागिराने स्फटिकासारखी नितळ काच केली, आणि पुढे युरोपभरचे राजेरजवाडे मुरानोच्या आरशांत तोंड बघू लागले. १६६५च्या सुमाराला फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या मंत्र्याने, कोल्बेरने, काही आरसेवाल्यांना फितवून पॅरिसला नेलंच. व्हर्सायच्या महालातलं आरशांचं दालन झालं ते त्यानंतर, आणि तेही फ्रान्समध्येच केलेल्या आरशांनी.

म्हणजे आपण ज्याला 'पिढ्यान्पिढ्या जपलेली परंपरा' म्हणतो, तिच्याभोवती सोन्याचा का होईना, पण पिंजरा होता.

आता पिंजरा नाही. आता गॅसचं बिल आहे. या भट्ट्या ऑगस्टमधली सुट्टी सोडली तर रात्रंदिवस पेटत्या ठेवाव्या लागतात. २०२१च्या अखेरीपासून युरोपात गॅसचे भाव भडकले तेव्हा कित्येक भट्ट्या काही काळ विझवाव्या लागल्या. शिवाय नकली माल आहेच. म्हणून तिथल्या प्रांतिक सरकारने १९९४ साली कायदा करून अस्सल मुरानो काचेसाठी शिक्का ठरवला. तो शिक्का शोधायचा, हे मी निघायच्या आधीच वाचून ठेवलं होतं. दालनात (हो, अर्थातच दालन होतं, आणि बाहेर पडायचा रस्ता त्यातूनच होता) आईने शिक्का असलेले दोन निळे मणी घेतले. एक माझ्या वहिनीला, एक मला.

बुरानोला पोचलो आणि सगळी बोट एकदम फोटो काढायला उभी राहिली. कालव्याकाठी लाल, पिवळी, जांभळी, पोपटी घरं, जणू कुणी खडूंची पेटीच उपडी केली आहे. मच्छीमारांचं हे गाव. पुरुष जाळी विणणार आणि बायका लेस.

इथली लेस क्रोशाची नव्हे, साध्या शिवणाच्या सुईची. कागदावर नक्षी काढायची, खाली कापड जोडायचं, नक्षीच्या रेषेवर दोरा टाचायचा, आणि मग आतली मोकळी जागा टाक्यात टाका अडकवत भरत जायची. कापडात सुई जातच नाही, टाका फक्त टाक्याला धरून असतो. शेवटी खालचे टाचलेले दोरे कापले की लेस अलगद सुटून हातात येते. तिचं जुनं इटालियन नाव आहे 'पुंतो इन आरिया', म्हणजे हवेतला टाका.

ही कला एकदा मेलीच होती. १८७२च्या कडक हिवाळ्यात खाडी गोठली, मासेमारी बसली आणि बेटावर उपासमार आली. तेव्हा बायकांना काहीतरी काम द्यावं म्हणून लेसची शाळा काढायचं ठरलं. पण जुना टाका येणारी एकच म्हातारी उरली होती, चेंचा स्कार्पारियोला नावाची. तिला टाका येत होता, शिकवता येत नव्हता. मग गावातल्या शाळामास्तरणीने तिच्या शेजारी बसून, हाताकडे बघून बघून तो उचलला आणि मुलींना शिकवला. अशी ती परत जिवंत झाली. शाळा जवळजवळ शंभर वर्षं चालली, १९७०च्या सुमाराला बंद पडली, आणि १९८१ साली त्याच इमारतीत लेसचं संग्रहालय झालं.

तिथे खिडकीपाशी एक आजी मांडीवर गोल उशी घेऊन काम करत होत्या. आई त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि बाकी संग्रहालय विसरली.

इथे आईबद्दल सांगायला हवं. गिरगावातल्या चाळीत, आम्ही लहान असताना, आई एका दुकानासाठी भरतकाम करायची. टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, साड्यांचे काठ. रात्री आमची जेवणं आटोपली की दिव्याखाली बसायची. एका टेबलक्लॉथचे पंचवीस रुपये ठरलेले, पण दुकानदार हटकून कुठेतरी बोट ठेवून "इथे टाका सैल आहे" म्हणायचा आणि दोन रुपये कापायचा. आईचा टाका सैल नसायचा. तिचं भरतकाम उलट्या बाजूनेही सुलट्यासारखंच दिसतं.

तर आई आणि त्या आजी. भाषेचा प्रश्न आलाच नाही. आईने वाकून पाहिलं, आजींनी काम उलटं करून दाखवलं. दोघींनी माना डोलावल्या. आईने स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवून नकारार्थी हात हलवला (दोन्ही मोतीबिंदू झालेत), तर आजींनीही चष्मा काढून तसाच हात हलवला! मग मी संग्रहालयातल्या एका मुलीला मध्ये घालून विचारलं, हे पान करायला किती दिवस लागतात? पान तळहाताहून लहान होतं. रोज तीनेक तास बसलं तर दोन आठवडे, असं उत्तर आलं.

बाहेर आलो. शेजारच्याच दुकानात हातकामाच्या दाखल्यासकट साधारण तेवढीच लेस चौकटीत लावलेली होती. किंमत एकशेवीस युरो. तिच्याखालीच टोपलीत यंत्रावरचे लेसचे रुमाल, पाच पाच युरोला. आमच्या बोटीवरच्या एका बाई चौकटीकडे बघून "एवढ्याशा तुकड्याला?" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या आणि टोपलीकडे वळल्या. मीही आईला म्हटलं, "फारच महाग आहे ना?"

आई मनात हिशेब करत होती. "बेचाळीस तास," ती म्हणाली. "तासाला तीन युरोसुद्धा पडत नाहीत. त्यात दुकानदाराचा वाटा. महाग नाही गं. आपल्याला परवडत नाही, एवढंच."

एक प्रश्न माझ्या मनात कित्येक वर्षं होता. माझ्या मैत्रिणींना त्यांच्या आयांनी काही ना काही शिकवलं होतं. माझ्या आईच्या हातात इतकी कला, पण मी सुई हातात घेतली की ती काढून घ्यायची. तोर्चेल्लोकडे जाताना बोटीत मी शेवटी विचारलंच, "तू मला का नाही शिकवलंस?"

"शिकली असतीस तर माझ्याबरोबर करत बसली असतीस. हात चांगला होता तुझा," आई म्हणाली. "मला तुला अभ्यासाला बसवायचं होतं."

माझा हात चांगला होता, हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

तोर्चेल्लोवर फार बोललो नाही. ६३९ साली स्थापन झालेलं भव्य चर्च आहे, आत अंतिम न्यायाचं भिंतभर मोझेक आहे. एके काळी इथे हजारोंची वस्ती होती. मग खाडी गाळाने भरत गेली, हिवताप आला, आणि लोक घरांचे दगडसुद्धा उचलून व्हेनिसला गेले. आता मोजकी दहा-बारा माणसं राहतात. कुणी हल्ला करून गाव उठवलं नाही. एकेका घराने आपापला शहाणपणाचा निर्णय घेतला, तसाच आईने घेतला, तसाच बुरानोच्या आयांनीही घेतला असणार. त्यांना दोष कसा द्यायचा? 'कला टिकली पाहिजे' हे वाक्य टोपलीपाशी उभं राहून म्हणायला सोपं असतं. ती कुणाच्या मुलीने टिकवायची, आणि तासाला किती घेऊन, हे कुणी बोलत नाही.

आम्ही ती लेस घेतली नाही. एकशेवीस युरो खरोखरच परवडणारे नव्हते. पण त्यानंतर माझ्यात एक छोटा बदल झाला आहे. गेल्या दिवाळीआधी येवल्याला पैठणी बघायला गेले होते. मागावर बसलेल्या बाईंनी पदरावरच्या मोरांना किती दिवस लागले ते सांगितलं, किंमत सांगितली, आणि 'बापरे, महाग आहे!' अगदी ओठांवर आलं. ते गिळून म्हटलं, "फार सुंदर झालीय. मला परवडणार नाही, पण किंमत बरोबर आहे तुमची."

बाईंनी धोटा खाली ठेवला. "बसा की ताई," म्हणाल्या, "उलटी बाजू दाखवते."