सुटे अणू आणि मुठेचे पाणी

पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली उभी राहिली आणि उत्प्रेरणशास्त्राची उपासना पुण्यात रुजली. त्याच परंपरेच्या आश्रयाने आम्ही काही मंडळी सांडपाणी शुद्ध करण्यासाठी लोखंडाचा एकेक अणू सुटा ठेवण्याच्या खटपटीत आहोत. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिळून सेंद्रिय द्रव्याचे ऑक्सिडीकरण घडवितात, हे फेंटनने १८९४ साली नोंदले. परंतु विरघळलेले लोह आम्लधर्मी पाण्यातच नीट राबते, आणि पाणी उदासीन करताच जो तांबूस गाळ बसतो, त्याचा बंदोबस्त ही नवीच उपाधी होऊन बसते.

ती टाळावी म्हणून कार्बनच्या जाळीत, चार नायट्रोजन-अणूंच्या मधोमध, लोहाचा एकच अणू जखडून टाकण्याची तजवीज. कारण कणाच्या पोटात दडलेले अणू कामास येत नाहीत, एकटा बसविलेला मात्र येतो. प्लॅटिनमचे असे सुटे अणू चीनमधील डालियनच्या ताओ झांग यांच्या चमूने २०११ साली दाखविले, तेव्हापासून या विद्येला स्वतंत्र नाव मिळाले. ही जाळी भट्टीत भाजून घडवितात, पण तेथील आठ-नऊशे अंशांच्या तापमानात अणूंची ओढ एकत्र येण्याकडेच असते, आणि लोह किंचित जास्त पडले की त्याचे कण बनतात. निघालेली काळी भुकटी अकीकाच्या खलात घोटून ऊन आम्लात ढवळत ठेवली, की हे कण विरघळून आम्लाला पिवळसर छटा येते. ती किती गडद आहे यावरून जाणता माणूस ओळखतो, की या खेपेस लोह सढळ हाताने पडले होते.

पुढे ही भुकटी आणि पेरॉक्साइड घातले, की मेथिलीन ब्ल्यू या रंगद्रव्याचे निळे पाणी पाहता पाहता निवळते, आणि नवशिक्याला तेवढ्यावर कृतार्थ वाटते. पण रंग गेला म्हणजे द्रव्य गेले असे नव्हे: कार्बनने तो नुसता शोषलेला असेल, किंवा रेणूचे बिनरंगी तुकडे पाण्यातच असतील, म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन घटल्याचा दाखला मिळाल्यावाचून यशाची नोंद करू नये, असा माझा आग्रह आहे. शिवाय मुठा नदीच्या मैलापाण्यातील बायकार्बोनेट व क्लोराइड, पेरॉक्साइडपासून उपजून ऑक्सिडीकरण करणारे क्षणजीवी मूलक मधल्यामध्ये गिळून टाकतात, ही अडचण ऊर्ध्वपातित पाण्यात कधी दिसतच नाही. तेव्हा या क्षेत्रात येणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे, की आधी पुण्याच्या भैरोबा नाल्याचे मैलापाणी कॅन भरून आणावे, तीच भुकटी त्यात पुनःपुन्हा वापरावी, दर वेळी पाण्यात किती लोह उतरले ते मोजावे, आणि मगच निबंध लिहावयास बसावे.