सरोवराचा काठ की जुने शहर?

कोल्हापुरातील पुष्कळ घरांत हल्ली असा एक फोन येतो. पुण्यात, बंगळुरूत किंवा जर्मनीत स्थिरावलेला मुलगा म्हणतो, "यंदा तुम्हां दोघांना इटली दाखवायची आहे. सरोवराकाठी आठ दिवस निवांत राहायचे, की फ्लॉरेन्ससारखे जुने शहर पाहायचे?" आणि इकडून ठरलेले उत्तर जाते, "तुम्ही न्याल तिकडं येऊ." वाचकहो, या उत्तरात माया असते, संकोचही असतो, पण निवड नसते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या वाट्याला असे प्रवास फार येत नाहीत. कदाचित हाच शेवटचा मोठा प्रवास असेल. म्हणून तो कोठे करायचा, हे ज्यांच्या पायांनी तो घडणार आहे, त्यांच्या शरीराला आणि मनाला विचारून ठरवावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

सरोवर म्हणजे विश्रांती आणि शहर म्हणजे दगदग, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो निम्माच खरा आहे. इटलीच्या उत्तरेकडील कोमो सरोवराचे उदाहरण घ्या. तेथे डोंगर थेट पाण्यात उतरतात आणि गावे त्या उतारावर वसलेली आहेत. चित्रांत सुंदर दिसणाऱ्या बेलाजिओच्या गल्ल्या म्हणजे प्रत्यक्षात दगडी पायऱ्यांच्या ओळी आहेत. पाण्याचे दृश्य जितके देखणे, तितकी खोली उंचावर, आणि तितक्याच पायऱ्या अधिक, असा अनुभव अशा गावांत येऊ शकतो. याउलट फ्लॉरेन्सचा जुना भाग आर्नो नदीच्या खोऱ्यात, बव्हंशी सपाटीवर आहे. रेल्वे स्थानकापासून मुख्य कॅथेड्रलपर्यंतचे अंतर एक किलोमीटरही नाही. तेथील अडचणी निराळ्या आहेत : खडबडीत दगडी फरसबंदी, गर्दी, संग्रहालयांत तासन् तास उभे राहणे आणि उन्हाळ्यातील उकाडा. कॅथेड्रलच्या जगप्रसिद्ध घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि उद्वाहन नाही. पण घुमट खालच्या चौकातूनही डोळे भरून पाहता येतो. चढलेच पाहिजे असे कोणी म्हटले आहे?

सरोवराकाठची सगळी गावेही सारखी नाहीत. माज्जोरे सरोवराच्या काठावरील स्त्रेसा येथे पाण्यालगत लांब, सपाट फिरण्याचा रस्ता आहे. गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक आहे आणि मिलानहून गाडीने सुमारे तासाभरात तेथे पोहोचता येते. समोरच्या बोर्रोमेओ बेटांवर नावेने जाता येते. गार्दा हे इटलीतील सर्वांत मोठे सरोवर. त्याच्या उत्तर टोकाच्या रीवा येथेही काठाची वाट सपाट आहे. तेव्हा 'सरोवर' एवढ्यावर थांबू नये. कोणते गाव, कोणता रस्ता, कोणत्या मजल्यावरची खोली, इथपर्यंत चौकशी न्यावी. नावेत चढतानाची फळी पाण्याच्या पातळीप्रमाणे कमीअधिक तिरकी असते, हेही ध्यानात असू द्यावे.

रुग्णालयाचा विचार मात्र मनात येऊनही आपण तो अशुभ म्हणून टाळतो. तो आधीच करावा. सरोवराकाठच्या लहान गावांत औषधाचे दुकान मिळेल. मोठे रुग्णालय बहुधा जवळच्या मोठ्या गावात असते. फ्लॉरेन्समध्ये कॅथेड्रलपासून काही मिनिटांच्या अंतरावर सांता मारिया नुओवा हे रुग्णालय आहे. ते १२८८ साली स्थापन झाले आणि आजही रुग्णसेवा करीत आहे. ज्यांना हृदयविकार आहे, ज्यांची शर्करा अचानक खालावते, अशांच्या दृष्टीने ही शहराची मोठी जमेची बाजू होय. संपूर्ण इटलीत आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. तो घरातील प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि ज्येष्ठांच्या खिशातील चिठ्ठीवर असावा.

आता मुख्य प्रश्न : आपल्या आई-वडिलांना कोणती जागा मानवेल हे ओळखायचे कसे? कोल्हापूरकरांचे भाग्य असे की, ही परीक्षा घरबसल्या घेता येते. आपल्या गावात तळेही आहे, जुने शहरही आहे आणि तासाभराच्या आत गाठता येणारा डोंगरही आहे. तिकिटे काढण्यापूर्वी एका आठवड्यात तीन सकाळी राखून ठेवाव्यात.

पहिल्या सकाळी रंकाळ्यावर जावे. काठाने चालताना ते किती वेळाने बसायला जागा शोधतात, ते पाहावे. चौपाटीवर दोन तास काहीही न करता बसावे आणि शालिनी पॅलेसच्या बाजूला पाण्यावर उतरणारे ऊन पाहावे. त्यांचे मन त्यात रमते, की अर्ध्या तासात "आता काय करायचं?" असा प्रश्न येतो?

दुसऱ्या दिवशी बिंदू चौकाच्या बाजूने अंबाबाईच्या देवळापर्यंत चालावे. रांगेत उभे राहावे, अनवाणी दगडी फरशीवरून जावे, मग भवानी मंडप पाहून महाद्वार रस्त्याने परतावे. फ्लॉरेन्समधील एक सकाळ साधारण अशीच असते : दगडी जमीन, माणसांची दाटी, थांबत थांबत चालणे. त्या दिवशी संध्याकाळी पायांना सूज आली का, दुसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागले का, याची नोंद ठेवावी.

तिसरी सकाळ पन्हाळ्याची. सज्जाकोठीच्या पायऱ्या आणि तीन दरवाजाचा उतार यांतून कळेल की, बेलाजिओसारखे गाव झेपेल की नाही. चढताना दम लागणे एक गोष्ट. उतरताना तोल जाणे ही त्याहून गंभीर गोष्ट. छातीत दडपण आले, चक्कर आली, तर तेथेच थांबावे आणि प्रवासाचा विचार पुढे नेण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

या तीन सकाळींत शरीर उत्तर देईल. मनाचे उत्तर मात्र ऐकून घ्यावे लागते. ज्यांचे सारे आयुष्य पेठेत, दारात हाक मारणाऱ्या माणसांत गेले, त्यांना सरोवराकाठची शांतता पहिल्या दोन दिवसांत सुखाची वाटते आणि तिसऱ्या दिवशी खायला उठते. भाषा येत नाही, शेजार नाही, मुले नावेतून दूर गेलेली. अशा वेळी खोलीतून दिसणारे निळे पाणी फारसा दिलासा देत नाही. याउलट ज्यांना ऐकायला कमी येते, त्यांना गजबजलेल्या शहरात संवादाचा शीण येतो. ज्यांची स्मृती उतरणीला लागली आहे, त्यांच्यासाठी तर एकच गाव, एकच खोली आणि रोजचा एकच रस्ता हे औषधाइतके महत्त्वाचे असते. त्यांना दर दोन दिवसांनी नव्या पलंगावर झोपवू नये.

आणि कधी कधी मनातली इच्छा अशी असते की, ती कोणी विचारल्याखेरीज बाहेर येत नाही. फ्लॉरेन्सशी कोल्हापूरचे एक जुने, हळवे नाते आहे. आपले छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर युरोपात ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारली गेली. तिच्याखालचा महाराजांचा अर्धपुतळा शिल्पकार फुलर यांनी घडवला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. हेच मँट आपल्या कोल्हापुरातील नव्या राजवाड्याचे वास्तुविशारद. फ्लॉरेन्सची माणसे त्या स्मारकाला 'इंदियानो' म्हणतात. १९७८ साली जवळच बांधलेल्या पुलालाही तेच नाव मिळाले आहे.

एखाद्या इतिहासप्रेमी आबांना उभ्या इटलीत केवळ ही छत्रीच पाहायची असेल. पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला परमुलखातील त्या संगमावर दोन फुले वाहाविशी वाटतील. तसे असेल, तर सरोवराचा विषय तेथेच संपतो. सुदैवाने ही जागा ज्येष्ठांना सोयीची आहे. छत्री कास्चिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला आहे. उद्यान नदीकाठाने सुमारे साडेतीन किलोमीटर पसरलेले, सपाट आणि झाडांच्या सावलीचे आहे. टोकापर्यंत चालण्याचा हट्ट न धरता टॅक्सीने जवळ जावे आणि थोडेच चालावे. शहरात राहूनही पाणी, झाडे आणि निवांतपणा मिळतो, याचे हे उद्यान चांगले उदाहरण आहे.

राजाराम महाराजांच्या कथेतून आणखी एक गोष्ट मनावर ठसते. तारुण्य, राजवैभव आणि सोबतचा परिवार असूनही परमुलखातील आजारपण कठीणच असते. म्हणून जागा कोणतीही ठरो, पुढील तयारी सारखीच करावी.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतोच. पण मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे पूर्वीचे आजार त्यात धरले आहेत की नाहीत, हे स्वतः वाचून घ्यावे. औषधे प्रवासाच्या दिवसांहून आठवडाभर अधिक घ्यावीत आणि ती हातातील पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन तर सामानाच्या कक्षात कधीही टाकू नये. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांची मूळ रासायनिक नावे असावीत, कारण आपल्याकडील व्यापारी नावे तेथे चालत नाहीत. इटलीतील घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून आणावे. विमानात फार वेळ एका जागी बसल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. अधूनमधून उठून चालावे, पावले वरखाली हलवावीत, पाणी पीत राहावे. पायांवर घालण्याच्या घट्ट मोज्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. विमानतळावरील चाकाच्या खुर्चीची मागणी किमान ४८ तास आधी नोंदवावी. तिच्यात बसण्यात कमीपणा नाही.

जेवणाच्या वेळांकडे मधुमेहींनी विशेष लक्ष द्यावे. इटलीत बहुतेक खाणावळी दुपारी साधारण साडेबारा ते अडीच आणि रात्री सात-साडेसातनंतर उघड्या असतात. मधल्या वेळेसाठी जवळ काही असावेच. शक्य असल्यास लहान स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. ज्वारीचे पीठ, भाजलेली डाळ, चटणी घरून नेता येते. मात्र युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. तेव्हा नातवासाठी बांधलेले पेढे आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी लागेल.

खोली ठरवताना चार प्रश्न लेखी विचारावेत : उद्वाहन आहे का आणि ते थेट रस्त्याच्या पातळीपासून आहे का, न्हाणीघरात टबाऐवजी सपाट जागा आहे का, धरायला दांडा आहे का, टॅक्सी दारापर्यंत येते का. जुन्या शहरात खासगी मोटारींना बरीच बंदी असते, टॅक्सीला सहसा नसते. पण ती हात दाखवून थांबत नाही, थांब्यावर जाऊन किंवा फोन करून मिळते. शौचानंतर पाण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना एक दिलासा : इटलीतील घरांत धुण्यासाठी 'बिडे' नावाचे वेगळे भांडे असण्याचा नियम १९७५ पासून आहे.

ऋतू निवडताना जुलै-ऑगस्ट टाळावेत. एप्रिल, मे किंवा सप्टेंबर उत्तम. हिवाळ्यात सरोवराकाठची पुष्कळ हॉटेले बंद असतात. दिवसाला एकच स्थळ, दुपारी झोप आणि संपूर्ण मुक्कामात एकच बिऱ्हाड, हा नियम पाळला तर शहरही मानवते आणि सरोवरही.

शेवटी सांभाळणाऱ्यांसाठी एक शब्द. आठ दिवस अखंड आई-वडिलांचा हात धरून चालणाराही थकतो आणि थकलेला माणूस नकळत आवाज चढवतो. दोन मोठी माणसे सोबत असतील, तर एकाने एक दिवस पूर्ण मोकळा घ्यावा. हे दोघांच्याही आरोग्यासाठी आहे.

तेव्हा पुढच्या वेळी फोनवर "तुम्ही न्याल तिकडं" असे उत्तर आले, तर त्यावर तिकिटे काढू नका. रंकाळा, महाद्वार आणि पन्हाळा करून या. मग निवांतपणे विचारा, "या तिघांत पुन्हा कुठं जावंसं वाटतं?" जे नाव आधी तोंडातून येईल, त्याच बाजूला आपला प्रवास ठरवा.