घालून बघू का?

बेंगळुरूच्या एका कॉफी शॉपमध्ये मी एका अनोळखी मुलासमोर हात पुढे करून बसले होते. शेजारच्या टेबलवरच्या काकूंना वाटलं असणार, हात बघणं चाललंय. किंवा थेट साखरपुडाच! प्रत्यक्षात तो एकामागून एक घड्याळं पुढे सरकवत होता, मी मनगटावर चढवत होते आणि दर वेळी मान हलवत होते. नाही. हेही नाही.

सांगते. गेलं वर्षभर मला घड्याळांचं वेड लागलंय. रोलेक्स-बिलेक्सचं नाही हो. फ्रीलान्स पत्रकाराला ते परवडायचं, तर आधी तिचे चेक वेळेवर यायला हवेत! माझा जीव अडकलाय मायक्रोब्रँडमध्ये. म्हणजे दोन-चार माणसांची छोटीशी कंपनी. डिझाइन स्वतःचं, आतलं मशीन बहुतेक वेळा सायकोचं किंवा मियोटाचं, म्हणजे जपानी. मोजकेच नग काढायचे आणि थेट नेटवरून विकायचे. मध्ये दुकानदार नाही, जाहिरातीत हिरो नाही, त्यामुळे वीस-पंचवीस हजारांत झकास ऑटोमॅटिक घड्याळ मिळतं. (आईच्या मते 'वीस-पंचवीस हजारांत' आणि 'झकास' हे शब्द एका वाक्यात येऊच शकत नाहीत.)

आपल्याकडेही हा प्रकार जोरात आहे. जयपूर वॉच कंपनीने २०१३ पासून जुनी नाणी डायलमध्ये बसवून घड्याळं केली. निरुपेश जोशी आणि मर्सी अमलराज या नवरा-बायकोने २०१८मध्ये बँगलोर वॉच कंपनीचं पहिलं घड्याळ बाजारात आणलं. मग मिग-२१वरून एक, क्रिकेटवरून एक, अंतराळ मोहिमांवरून एक. ही माझ्या बजेटच्या बाहेर आहेत, पण बघायला कोण पैसे मागतंय?

गोची एकच. दुकान नाही म्हणजे घालून बघता येत नाही. चप्पलसुद्धा आपण फडके रोडवर चार पावलं चालून बघतो, आणि इथे महिन्याभराची कमाई नुसत्या फोटोवर! स्क्रीनवर ३६ मिलिमीटर काय आणि ४२ काय, सगळं सारखंच दिसतं. त्यात हे आकडे डायलच्या बाजूचा व्यास सांगतात. खरा खेळ असतो तो वरपासून खालपर्यंतच्या लांबीचा, पट्टा अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत. ती मनगटाबाहेर गेली की संपलं, घड्याळ हातावर पाट ठेवल्यासारखं दिसतं.

आईची शिवणाची टेप घेऊन मी मनगट मोजलं. पावणेसहा इंच. 'अगदी बाबांवर गेलीयेस,' आई म्हणाली. 'त्यांच्याही पट्ट्याला लग्नात एक जास्तीचं भोक पाडून घ्यावं लागलं होतं.'

ठाण्यात गोखले रोडवरच्या एका शोरूममध्ये जाऊन ३६ मिलिमीटरचं साधं, चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ मागितलं, तर सेल्समनने मला आदराने लेडीज सेक्शनला नेलं. तिथे सगळं खड्यांचं आणि सेलवरचं. मायक्रोब्रँडची नावं घेतली, तर तो म्हणाला, 'मॅडम, ते चायनाचं असेल.' तसा तो अगदीच चूक नव्हता. यातल्या बऱ्याच घड्याळांचे सुटे भाग चीनमध्येच बनतात. असो.

तेव्हापासून माझा फंडा ठरलाय. कामाच्या निमित्ताने कुठेही गेले की ओळखीच्या ओळखीतून तिथला एखादा घड्याळवेडा गाठायचा आणि विचारायचं, घालून बघू का? नाही कोणीच म्हणत नाही. घड्याळवेड्या माणसाला श्रोता मिळाला की तो कॉफीचं बिलसुद्धा स्वतःच भरतो. पुण्यात एका डेंटिस्टने पेशंट बाहेर बसवून मला तीन डायव्हर घड्याळं दाखवली होती. तिन्ही माझ्या हाताला भलीमोठी.

या वेळी एका असाइनमेंटसाठी कल्याणहून उद्यान एक्स्प्रेस पकडली. बेंगळुरूतला तो मुलगा म्हणजे मैत्रिणीच्या ऑफिसातला. त्याने चामड्याची गुंडाळी उलगडली, आत सात घड्याळं. पाच झाली, सहावं हातात घेतलं आणि मी गप्पच बसले. ३६ मिलिमीटर, सॅमन रंगाची डायल, बारीक काटे. मनगटावर ते नुसतं 'बसलं'. बाल्टिक नावाचा पॅरिसचा ब्रँड. एतिएन मालेक या तरुणाने २०१७मध्ये सुरू केलेला. वडील गेल्यावर त्यांनी जमवलेली घड्याळं त्याच्या हाती लागली, त्यातून त्याला हे सुचलं. ते बॉल्टिक समुद्राकडचे, म्हणून हे नाव.

फोटो काढून बाबांना पाठवला. उत्तर आलं, 'छान. वेळ बरोबर दाखवतं का?'

आली का पंचाईत! कारण खरं उत्तर 'तितकं नाही' असं आहे. या किमतीतलं ऑटोमॅटिक दिवसाला दहा-वीस सेकंद मागेपुढे होतं, आणि कंपन्या तेही नॉर्मल धरतात. स्टेशनबाहेरचं दोनशे रुपयांचं सेलचं घड्याळ याच्यापेक्षा अचूक! डोंबिवलीकराला दहा सेकंद म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. दहा सेकंदांत दारातला दांडा हाती लागतो किंवा सुटतो.

दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी होती, म्हणून त्याच मुलाच्या सांगण्यावरून जलाहळ्ळीला एचएमटीच्या हेरिटेज सेंटरमध्ये गेले. एचएमटीने १९६१मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बेंगळुरूत घड्याळं बनवायला घेतली. २०१६मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. गंमत बघा, ज्या मियोटाच्या मशीनवर आज जगभरचे मायक्रोब्रँड चालतात, ती मियोटासुद्धा सिटिझनचीच. म्हणजे मी ज्याच्यामागे धावत होते, त्याचा चुलतभाऊ आमच्याच कपाटात रुमालात गुंडाळून पडला होता. काचेमागे तो दिसलासुद्धा. जनता. पांढरी डायल, चावीचं.

तिथूनच फोन लावला. 'बाबा, तुमचं घड्याळ म्युझियममध्ये ठेवलंय!'

'अरे वा,' बाबा म्हणाले. 'मग मलाही ठेवा तिथेच.'

मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य काही जाईना.

घरी आल्यावर रुमाल सोडला. घड्याळ बंद होतं. चावी फिरेना. मी घातलं, जुन्या पट्ट्याच्या त्या जास्तीच्या भोकात बक्कल अडकवलं. अगदी बरोबर. जे शोधत तीन शहरं फिरले ते!

'घालत का नाही तुम्ही?' मी विचारलं.

'आता कुठली गाडी पकडायचीय?'

बाबा पेपरमधून मान वर न करता बोलले. आईचा पोळपाटावरचा हात थांबला. एकतीस वर्षं सात बेचाळीसने गेलेला हा माणूस रिटायर होऊन चार वर्षं झाली. सकाळी साडेसहाला आंघोळ अजूनही होते. त्यानंतर काय करायचं हे त्यांना कळत नाही, आणि इतके दिवस ते आम्हालाही कळलं नव्हतं.

'मी रिपेअर करून घालू का?' मी म्हटलं.

आता मान वर झाली. 'अजिबात नाही. माझं आहे ते.'

बरं वाटलं हो! मग आम्ही दोघं गेलो. पूर्वेला एका जिन्याखाली एक घड्याळवाले बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि म्हणाले, 'तेल सुकलंय, स्प्रिंग गेलीय. दुसऱ्या जनतातून काढून घालतो. गुरुवारी या.' गुरुवारी बाबा एकटेच गेले. परत यायला दोन तास लागले, कारण घड्याळवाल्यांनी चहा मागवला होता. पुढच्या गुरुवारीही गेले, म्हणे पट्टा बदलायचाय. त्याच्या पुढच्या गुरुवारी काय कारण होतं ते मी विचारलं नाही.

सॅमन डायलवाल्याचं म्हणाल तर कस्टम ड्यूटी धरून आकडा कागदावर लिहून ठेवलाय. एका मासिकाकडून चार महिन्यांचे पैसे यायचेत. आले की बघू.

परवा मला सकाळी ठाण्याला एका मुलाखतीला जायचं होतं. बाबा स्टेशनपर्यंत सोडायला आले. पुलावर उभं राहून त्यांनी मनगट वर केलं, मग इंडिकेटरकडे बघितलं.

'पाच मिनिटं पुढे आहे हे,' मी म्हटलं. 'घड्याळवाल्यांनी नीट लावलं नाही का?'

'मीच केलंय पुढे,' बाबा म्हणाले. 'चल, आली तुझी गाडी.'