थांबलं की गरम, पळालं की गार

गाडी 2011 ची. छोटी, पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण माझ्याकडे जे झालं ते वय झालेल्या कुठल्याही गाडीत होऊ शकतं. बोईसरला एका सहकाऱ्याच्या मेहुण्याकडून घेतली. मी राहायला मासवणला, नोकरी तारापूर एमआयडीसीत, स्टोअरमध्ये. आधी मोटरसायकलने वाघोबा खिंड ओलांडून पालघर, उमरोळी, बोईसर असा जायचो. पावसाळ्यात ते नको वाटायला लागलं. शिवाय आईचे गुडघे. तिला पालघरला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे शेअर रिक्षात चढवण्यापासून कसरत. म्हणून गाडी.

थंडीत काही कळलं नाही. मार्च संपता संपता एसी लावायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की गाडी पळत असली की हवा गार येते आणि थांबली की कोमट. उमरोळीच्या रस्त्याला छान गारवा. शिफ्ट सुटायच्या वेळी नवापूर नाक्यावर अडकलो की कपाळावर घाम.

गॅरेजवाल्याने मीटर लावला आणि गॅस कमी झालाय म्हणाला. भरून दिला. काही दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजात परत गॅस. तिसऱ्याने सांगितलं कॉम्प्रेसर गेला, नवीन टाका. तेव्हा मला माहीत नव्हतं, आता सांगतो: एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. गळती न शोधता जो नुसता गॅस भरतो, तो तुम्हाला पुन्हा येण्याचं आमंत्रण देतो. आणि पळताना गार, थांबल्यावर गरम, हे लक्षण असेल तर गॅसच्या आधी दुसरीकडे बघायला हवं. ते पुढे येईलच.

एप्रिलमध्ये इंजिनच्या तापमानाचा काटाही चढायला लागला. नेहमी नाही. बोईसरच्या गर्दीत अर्ध्याच्या वर जायचा, मोकळ्या रस्त्याला लागलो की आपोआप उतरायचा. एसीवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला ते इंजिनचं काम, माझं नाही. इंजिनवाल्याने रेडिएटरमध्ये पाणी घातलं आणि एसी बंद ठेवून चालवा म्हणाला. दोघांनी आपापल्या जागी बरोबर उत्तर दिलं असेल, पण दोन तक्रारींचं मूळ एक असू शकतं हे कोणीच बघितलं नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी आई, बायको आणि मुलगी पालघरला आल्या होत्या. मी बोईसरहून येताना त्यांना घेतलं. बोईसरच्या कोंडीत बराच वेळ गेला होता, काटा आधीच वर. खिंडीचा चढ लागला, पुढे भरलेला ट्रक, आमची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. काटा लाल पट्टीला टेकला. मी कुठेतरी ऐकलं होतं की अशा वेळी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. हीटर म्हणजे डॅशच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं, त्यामुळे तेवढी उष्णता इंजिनातून निघून आत येते. माणसं भाजतात पण इंजिन वाचतं. मी हीटर लावला. हवा साधीच आली, गरम नाहीच. का, ते नंतर कळलं.

वाघोबाच्या देवळाजवळ गाडी बाजूला घेतली. बोनेटखालून वाफ. मुलगी रडायला लागली. खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो, फक्त दाखवलं नाही. बोनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तेवढ्यात मागे थांबलेला एक टेम्पोवाला ओरडला, "दादा, हात लावू नका!" त्या झाकणावर साधारण 0.9 असा आकडा असतो. म्हणजे आतलं पाणी दाबाखाली असतं आणि म्हणूनच ते 100 ला न उकळता 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत थांबतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. त्याने आम्हाला अर्ध्या तासाहून जास्त थांबवलं. मग वरचा रबरी पाइप दाबून बघितला, तो मऊ लागल्यावरच ओलं फडकं टाकून झाकण आधी थोडं फिरवलं, फुसकारा जाऊ दिला, मग काढलं. पाणी ओततानाही थोडं थोडं, इंजिन चालू ठेवून. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर हेडला चीर जाऊ शकते म्हणाला. पैसे घेतले नाहीत. त्यानंतर बरेच दिवस मी घरच्यांना गाडीत बसवलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका मोठ्या गॅरेजात दाखवली. त्यांनी फारसं न तपासता सांगितलं, हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल, फेसिंग करावं लागेल. आकडा ऐकून मी गप्प झालो. नोंदणीची 15 वर्षं भरत आलेल्या गाडीत एवढा पैसा घालायचा का, हाही प्रश्न होता.

आमच्या कंपनीत मेंटेनन्सला एक फिटर काका आहेत. निवृत्तीला आलेत. आयुष्य कूलिंग टॉवर आणि पंपांत गेलेलं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "हेड उघडायच्या आधी उघड्या डोळ्यांनी बघू." सकाळी गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली. पाण्यात सतत बुडबुडे येतायत का बघितलं. नव्हते. ऑइलची डिपस्टिक काढली. गॅस्केट गेलं असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळून ते दुधाळ चहासारखं दिसू शकतं. ऑइल काळं पण स्वच्छ होतं. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर नव्हता. मग काकांनी विचारलं, "एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरतो का?"

मी कधी बघितलंच नव्हतं. एसी लावून बोनेटजवळ उभे राहिलो. पंखा गप्प.

माझ्या गाडीत रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसीचा कंडेन्सर, दोघांसाठी मिळून एकच पंखा आहे. गाडी पळत असते तेव्हा समोरून वारा येतो, दोन्ही गार होतात, पंखा नसला तरी चालतं. थांबली की वारा बंद. कंडेन्सर तापतो म्हणून एसी कोमट, रेडिएटर तापतो म्हणून काटा वर. खिंडीत दुसऱ्या गिअरमध्येही तेच, वेग नाही म्हणून वारा नाही. मी दोन वेळा गॅस भरला होता तो या पंख्यासाठी.

काकांनी क्रमाने बघितलं. फ्यूज शाबूत. पंख्याचा रिले काढून त्या जागी हॉर्नचा रिले लावला, दोन्हींचा नंबर सारखा होता. तरी फिरेना. पंख्याच्या वायरचा कपलर सोडवला तर एक पिन हिरवी पडलेली आणि प्लॅस्टिक वितळलेलं. बॅटरीवरून सरळ वायर देऊन बघितलं, पंखा कण्हत फिरला आणि अडकला. मोटरचे कार्बन झिजले होते. अडकत फिरणारी मोटर जास्त करंट ओढते, त्याने कपलर तापतो. तारापूरच्या खाऱ्या हवेत पिन लवकर गंजते ती वेगळी.

पालघरला मनोर रोडवर एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. तो म्हणाला, मोटर टाकतो आणि पंखा डायरेक्ट स्विचवर घेतो, डॅशवर बटण देतो, झंझट नको. हे बरेच जण करतात. मी नाही म्हटलं. बटण दाबायचं एक दिवस राहिलं की पुन्हा खिंड. नवीन मोटर, नवा कपलर आणि मूळच्या वायरिंगप्रमाणेच जोडणी करून घेतली. हेड गॅस्केटच्या आकड्यापुढे हा खर्च फारच थोडा होता. त्याच दिवशी चार रस्त्यावर मुद्दाम गाडी उभी करून एसी लावला. थांबलेल्या गाडीत गार हवा येत होती.

पण खिंडीत काटा अजूनही थोडा चढायचा. आता काकांचा संशय पाण्यावर. खालचा पाइप सोडला तर चहाच्या रंगाचं पाणी आलं, तळाशी पांढरा गाळ. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलं होतं. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. जुने पितळी रेडिएटर उघडून साफ करता यायचे. आताच्या अ‍ॅल्युमिनियमच्या, प्लॅस्टिकच्या टाकीच्या रेडिएटरला ते नीट जमत नाही. नवीन घेतला.

बदलताना आणखी दोन गोष्टी सापडल्या. थर्मोस्टॅट होताच कुठे? कोणीतरी काढून टाकला होता. "आपल्याकडे गरमीच असते, थर्मोस्टॅट कशाला" असं म्हणून गॅरेजवाले तो काढतात. त्याने गाडी तापायची थांबत नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की तोच बाजूचा बायपासचा मार्ग बंद करतो. तो काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनात फिरतं. आणि थंड हवेत इंजिन पुरेसं तापत नाही, पेट्रोल जास्त लागतं. 82 अंशांवर उघडणारा नवीन बसवला. दुसरी गोष्ट म्हणजे हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप एका तुकड्याने एकमेकांना जोडून टाकले होते. हीटर बायपास. खिंडीत गरम हवा का आली नाही, ते इथे कळलं.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं घातलं, झाकणही नवीन. घरासमोरच्या उतारावर गाडीचं तोंड वर करून उभी केली, पंखा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. हवा राहिली तर नवीन रेडिएटर असूनही काटा चढतो. वेगळ्या रंगाचं कूलंट उरलं होतं ते मिसळायचं नाही, हे काकांनी बजावलं.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि आईच्या पायाखालचा गालिचा ओला. चपला भिजलेल्या. शेजारी म्हणाले हीटर फुटला. पण हीटर तर बायपास होता, त्यात पाणीच नव्हतं. बोट लावून बघितलं. कूलंट असतं तर चिकट आणि गोडसर वासाचं लागतं, हे साधं पाणी होतं. एसीच्या कूलिंग कॉइलवर हवेतलं बाष्प जमून जे पाणी होतं, ते खाली जाणारी नळी माती आणि पाल्याने बुजली होती. खालून मऊ वायर घालून मोकळी केली. फुकटात काम झालं.

पावसात खिंडीत काच धुरकट व्हायची, तेव्हा हीटरची गरज पटली. हीटर कोर बदलायचा तर अख्खा डॅश उतरवावा लागतो, मजुरी मोठी. आधी काकांनी कोरमध्ये थोडी हवा दाबून बघितली. ती धरून राहिली. म्हणजे कोर चांगला, फक्त गरम पाणी सोडणारा वाल्व चिरलेला. तेवढा बदलून पाइप मूळ जागी लावले. आता काच आतून धुरकट झाली की एसी चालू, बाहेरची हवा आत, आणि तापमानाचा नॉब थोडा गरमकडे. एसी हवेतला ओलावा काढतो आणि काच फार गार पडत नाही. नुसता गार एसी काचेवर मारला तर बाहेरून धुकं धरतं, ते वायपरने जातं.

गॅस मात्र अजून किंचित कमी होतो. कंडेन्सरच्या एका जोडावर तेलाचा डाग दिसतोय, गळती तिथेच असावी असं काका म्हणतात. ऑक्टोबरच्या उन्हाआधी तो जोड करून घ्यायचाय, बोनस झाला की.