निसटता बाण

संगणकाच्या माउसला मराठीत कोणी विनोदाने ‘मूषक’ म्हणतात. गणरायाचा मूषक धन्याच्या आज्ञेत असतो. आमच्या घरचा मध्यंतरी नव्हता.

राखोलीस आमच्या तीन पिढ्या झाल्या. दमणगंगेच्या काठी कारखाने आले, त्यांबरोबर नाना प्रांतांचे लोक आले, आणि आमच्या नातवाच्या कानी दिवसभर हिंदी व गुजराती पडू लागली. मराठी तो घरात ऐकतो. पण मनापासून बोलतो ती रात्री, पुण्याच्या मामेभावाशी संगणकावर खेळताना. ‘डावीकडे वळ, मागे बघ, थांब म्हटलं ना!’ या आरडाओरडीत जितकी मराठी क्रियापदे त्याच्या तोंडून निघतात, तितकी आमच्या पाठांतराच्या आग्रहाने कधी निघाली नाहीत. म्हणूनच खेळ अडला तेव्हा आम्हांस त्याच्याहून अधिक चिंता वाटली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबली, आणि पुढची आवृत्ती आमच्या जुन्या यंत्रास आपले म्हणेना. तेव्हा आम्ही मुक्तस्रोत लिनक्स बसविले. पडद्यावरील शब्द मराठीत आले, याचे आम्हांस कौतुक. मात्र खेळातला शिपाई अर्धा वळून थबके, आणि कर्सरचा बाण निसटून शेजारच्या दुसऱ्या पडद्यावर जाई. तिथे बोट दाबले गेले की खेळाची खिडकीच मागे पडे.

कारण मोठे गमतीचे आहे. मान वळविणाऱ्या खेळास बाण कुठे आहे याच्याशी कर्तव्य नसते. माउस किती सरकला एवढेच हवे असते. जुने खेळ ते असे मोजीत: बाण किंचित हलला की अंतर टिपायचे आणि त्यास पुन्हा मध्यावर ओढून आणायचे. १९८७ पासूनच्या एक्स-११ पद्धतीत कोणताही कार्यक्रम बाणास असे ओढू शकतो. २००८ मध्ये आरंभलेल्या वेलँडने ही मोकळीक काढून घेतली. एका कार्यक्रमाने दुसऱ्याच्या हातातला बाण हिसकावू नये, हा त्यामागील विचार आम्हांस योग्यच वाटतो. बाण जागी बांधण्याची आणि केवळ हालचाल कळविण्याची वेगळी सोय तिथे आहे. परंतु जुन्या खेळास ती ठाऊक नसते. मधला दुभाषा त्याच्यासाठी तसा आभास निर्माण करतो, पण खेळाने आपला बाण लपविला असेल तरच. आमचा खेळ तो लपवीत नव्हता.

विंडोजचे खेळ लिनक्सवर चालविणाऱ्या ‘वाइन’च्या मांडणीत, चित्रविषयक भागात, पूर्ण पडद्याच्या खिडकीत माउस धरून ठेवण्याची एक खूण आहे. ती केल्यावर बाण पळायचा थांबला, मान मात्र अडलेलीच. शेवटी नातवाने बाहेर पडून, प्रवेशाच्या पडद्यावर नाव निवडल्यानंतर कोपऱ्यातून एक्स-११ चे सत्र निवडले आणि पुन्हा आत शिरला. शिपाई गर्रकन वळला.

उरला वेगाचा प्रश्न. हात झटकन हलविला तर बाण प्रमाणाबाहेर धावे. माउसच्या मांडणीत प्रवेगाची रीत ‘सपाट’ केली, तोही मिटला.

पुढे पुण्याच्या मामेभावानेही लिनक्स घेतले, तेव्हा हे सारे त्यास फोनवर समजावण्याची पाळी नातवाची आली. मध्येच त्याने आम्हांस विचारले, “आजोबा, ॲक्सिलरेशनला काय म्हणायचं?” आम्ही ‘प्रवेग’ सुचविला. तो हसला आणि फोनमध्ये म्हणाला, “अरे, त्याची उगाचची धाव बंद कर.”