बोटांची वाट

आमच्या साहित्य मंडळाने ई-अंकासाठी लेखन मागवलं की निम्मं लेखन वहीच्या पानाचा फोटो होऊन येतं. सोबत निरोप असतो, "मराठी टाइप करायला जमत नाही, तुम्हीच करा ना." मग ते काम आम्हां दोघी-तिघींच्या वाट्याला येतं. हे करताना इतरांची बोटं कीबोर्डवर कशी चालतात ते बघायची मला सवय लागली.

एकाच बाकावर बसणारे दोघे घ्या. हुशारी सारखीच, कॉम्प्युटरही सारखाच. एक जण कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही करून मोकळा होतो. दुसरा माऊसने ओळ निवडतो, वर जाऊन यादी उघडतो, त्यात 'कॉपी' शोधतो, मग पुन्हा तोच प्रवास 'पेस्ट'साठी. दुसऱ्याला शॉर्टकट ठाऊक नसतो असंही नाही. कितीतरी प्रोग्रॅममध्ये तो त्या यादीतच, 'कॉपी'च्या शेजारी छापलेला असतो. रोज डोळ्यांसमोर येतो, तरी बोटं तिकडे वळत नाहीत. असं का?

"आळस, दुसरं काय!" असं आपण पटकन म्हणतो. मला ते पटत नाही. माऊस घेऊन दहा वेळा वर-खाली करणारा माणूस उलट जास्तच राबतो. जॉन कॅरल आणि मेरी बेथ रॉसन या दोन अभ्यासकांनी 1987 मध्ये यावर लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस कॉम्प्युटरपुढे बसतो तो काम उरकायला, कॉम्प्युटर शिकायला नव्हे. एकदा काम होणारी एक रीत सापडली की तो तीच धरून ठेवतो, जवळची वाट समोर असली तरी. 2005 मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी वर्ड वापरणाऱ्या 251 अनुभवी लोकांची पाहणी केली, तेव्हाही बहुतेक जण नेहमीच्या कामांसाठी चित्रांवर किंवा यादीवरच क्लिक करताना आढळले. म्हणजे नुसती वर्षं गेली म्हणून शॉर्टकट अंगवळणी पडत नाही.

हिशेबही त्यांच्याच बाजूने आहे. एका शॉर्टकटने दोन सेकंद वाचतात असं धरू. दिवसात वीस वेळा वापरला तर चाळीस सेकंद. एवढ्यासाठी कोण डोकं लावणार? आणि पहिले काही दिवस तर वेळ वाचत नाही, जातोच. आमच्या कोरगावात शेताच्या मेरेवरून गेलं की रस्त्याचा वळसा वाचतो. पण नवीन सून आली की ती पहिले काही दिवस रस्त्यानेच जाते. मेर कुठे निसरडी, पाणी कुठे साचतं हे तिला कोणी सांगून कळत नाही. एक दिवस ती कोणाच्या तरी मागून जाते. मग तिचीच ती वाट होते.

शॉर्टकटचंही तसंच. तो वाचून शिकणारे थोडे. बहुतेक जण शेजारच्याचे हात बघून शिकतात. "ए, आता काय केलंस? परत कर बघू!" हे वाक्य ज्याच्या तोंडून बाहेर पडतं, त्याचं अर्धं शिक्षण तिथेच होतं. माझ्या मोठ्या भावाला अकरावीत सरकारच्या सायबरएज योजनेतून लॅपटॉप मिळाला. यंत्र घरात आलं, पण शेजारी बसणारं कोणी नव्हतं. तो अजून माऊसवरच सगळं करतो आणि त्याचं काम काही अडत नाही. छपाईच्या दुकानात मात्र डीटीपी करणारी चार माणसं एका रांगेत बसतात. तिथे नवीन आलेला मुलगा महिन्याभरात पटापट कळा दाबू लागतो. त्याला विचारा, "कुठली कळ दाबलीस?" तो थांबतो, बोटं हवेत हलवून बघतो आणि मग सांगतो. आठवण त्याच्या बोटांत असते.

शॉर्टकट कुठे ठेवला आहे यावरही पुष्कळ अवलंबून असतं. कट-कॉपी-पेस्टची कल्पना लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी झेरॉक्स कंपनीच्या पार्क प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात आणली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले. 2020 मध्ये त्यांचं निधन झालं. झेड, एक्स, सी, व्ही या चार कळा बघा. कीबोर्डच्या खालच्या ओळीत चौघी शेजारणी एका रांगेत. डाव्या हाताची करंगळी कंट्रोलवर ठेवली की बाकीची बोटं आपोआप त्यांच्यापाशी पोचतात. म्हणून या चार घरोघर गेल्या आणि बाकीच्या कितीतरी यादीतच पडून राहिल्या.

मी स्वतः शिकले ते वेगळ्याच कारणाने. आमच्या आजीला धालोची पुष्कळ गाणी येतात. गेल्या मे महिन्यात ती लिहून घ्यायचं ठरवलं. फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करताना दर दोन शब्दांनी सुचवलेला शब्द निवडायला थांबावं लागे. 'दुसऱ्या'सारखा शब्द तर हमखास बिघडे. आणि मी थांबले की आजीही थांबायची. म्हणायची, "मदीच थांबयलंस तर सगळां परत सुरवातीपासून म्हणूक जाय गो." तिची गाणी माळेसारखी ओवलेली. एक ओळ सुटली की पुढची सापडत नाही. कधी सुरुवातीपासून म्हणूनही सापडत नसे.

तेव्हा मी इन्स्क्रिप्ट शिकायला बसले. 1980 च्या दशकात भारतीय भाषांसाठी ठरवलेली ही कळांची मांडणी बहुतेक कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असते. तिची रचना शाळेतल्या वर्णमालेला धरून आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनं बरीचशी उजवीकडे. क जिथे, शिफ्ट धरून ख तिथेच. तसंच त-थ, प-फ. 'दुसऱ्या'मधला र शिफ्टवर, मग डी या कळेवरचा हलन्त, मग य. पहिला आठवडा फार कंटाळवाणा गेला. तिसऱ्या आठवड्यात आजी म्हणत होती आणि मी तिच्याकडे बघत टाइप करत होते. वेळ किती वाचला ते मोजलं नाही. आजीला मध्येच थांबावं लागलं नाही, एवढंच पुरे होतं. आतापर्यंत अकरा गाणी झाली.

म्हणून मला वाटतं, "शॉर्टकट शिका, वेळ वाचेल" हा उपदेश फुकट आहे. वेळ वाचवायला कोणी शिकत नाही. हातातलं काम तुटू नये असं ज्याला मनापासून वाटतं, आणि ज्याच्या शेजारी कोणीतरी बसलेलं असतं, तोच शिकतो. ज्याला तशी गरज नाही त्याने माऊस खुशाल वापरावा, त्याला हसू नये. हसल्याने तर विचारणाराही विचारायचा थांबतो.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. पुढच्या अंकाचं टाइपिंग आम्ही दोघी-तिघींनी एकट्याने करू नये. लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर दोघं बसावं, ज्याचा लेख त्याने टाइप करावा आणि येणाऱ्याने फक्त शेजारी बसावं. पहिल्या दिवशी एक पान व्हायला तास लागेल. लागू दे. ज्यांच्या घरी गाणी, कहाण्या, हुमाणी सांगणारं म्हातारं माणूस आहे, त्यांनी आधी यावं.