पवन्याच्या शोधात : सुपे ते इंदापूर

सासवड मागं टाकून एसटी जेजुरीकडे निघाली की डोंगर हळूहळू बाजूला सरकतात आणि आभाळ मोठं होत जातं. मोरगावच्या पुढं तर नजर अडवायला काहीच उरत नाही. ज्वारीच्या पेरणीसाठी तयार केलेली शेतं, मधूनच एखादा हिवर, आणि त्यांच्यामध्ये पसरलेले गवताचे लांबरुंद पट्टे. सप्टेंबर सरत आला होता. परतीचा पाऊस दोन दिवसांपूर्वीच येऊन गेलेला, त्यामुळं गवत ओंबीवर आलं होतं आणि अजून वाळलं नव्हतं. माझ्या कामाला वर्षातले हेच काही आठवडे मिळतात. गवताला फुलोरा नसेल तर त्याची जात खात्रीनं सांगता येत नाही आणि फुलोरा झडून गेला की पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावं लागतं.

वनस्पती परिसंस्थाशास्त्रात पीएच.डी. करते आहे असं सांगितलं की पुण्यातले लोक विचारतात, ‘मग सह्याद्रीत जात असशील?’ मी जाते ते उलट्या दिशेला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके वर्षाला साधारण पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाचे. इथल्या माळरानांबद्दलचा एकच प्रश्न माझ्या प्रबंधाच्या मुळाशी आहे : हे माळ जंगल तोडून, चरून, जाळून उरलेले आहेत, की मुळातच गवताचे?

पहिला मुक्काम सुपे. इथलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, १९९७ साली चिंकाऱ्यासाठी राखलेलं. लोक चिंकारा बघायला येतात, मी त्याच्या पायाखालचं बघायला आले होते. पीव्हीसी पाइपची एक मीटर लांब-रुंद चौकट जमिनीवर ठेवायची, आत उगवलेल्या प्रत्येक जातीचं नाव लिहायचं, तिनं किती टक्के जागा व्यापली याचा अंदाज नोंदवायचा, मातीचा नमुना घ्यायचा आणि ठरलेल्या अंतरावर पुढची चौकट टाकायची. कामाची रीत एवढीच. दिवसभर गुडघ्यांवर राहावं लागतं, पण एकदा खाली बसलं की उभ्यानं एकसारखं दिसणारं हिरवं-तांबूस गवत वेगवेगळं व्हायला लागतं. मारवेलच्या पेरापेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं. पवन्याच्या ओंबीतल्या तुसावर भिंगाखाली ठळक उभ्या शिरा दिसतात. त्यांच्या बुडाशी शेवरा, नखाएवढ्या निळ्या फुलांची विष्णुक्रांत आणि दगडाच्या सावलीत एखादं कंदीलपुष्प, जे पावसाळा संपला की कंदापुरतं उरतं आणि वर्षाचे बरेच महिने जमिनीखाली काढतं.

कुसळीचं बी मी प्रत्येक वेळी तळहातावर घेऊन बघते. कपड्यांत शिरून टोचणारं तेच ते. त्याला काळसर लांब शूक असतं, कोरडं असताना पिळलेलं. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की शूक उलगडायला लागतं आणि पुढचं अणकुचीदार टोक गरगर फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. दव आणि ऊन आलटून पालटून पडत राहतात आणि त्या फिरण्यानं बी स्वतःला मातीत रुतवून घेतं. वरून वणवा गेला तरी बी आत शाबूत राहतं. आग, दुष्काळ आणि चराई यांच्याशी लाखो वर्षं जुळवून घेतलेल्या गवताकडंच अशी तयारी असते.

सुप्याहून बारामतीकडे जाताना एका ठिकाणी जमीन एकदम बदलते. माळ संपतो आणि ऊस लागतो. वीर धरणातून निघणाऱ्या नीरा डाव्या कालव्याची ही किमया. १८८५ च्या सुमाराला हा कालवा सुरू झाला आणि दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा हा पट्टा बागायती झाला. त्यातून इथल्या माणसांचं आयुष्य बदललं, हे मी मनापासून मानते. पण जिथं कालव्याचं पाणी चढलं नाही ती जमीन ‘पडीक’ या खात्यात गेली. महसूल कमी म्हणजे जमीन निरुपयोगी, हा इंग्रजी अमलातला हिशेब होता आणि तोच पुढं चालत राहिला. आजही देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात गवताळ प्रदेशाचे मोठे भाग दिसतात.

शास्त्रानंही या माळांना फार वेगळं वागवलं नव्हतं. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये केलेलं भारतीय वनांचं वर्गीकरण आमच्या अभ्यासात पाया मानलं जातं. त्यात असे प्रदेश काटेरी वनांच्या ऱ्हासाच्या पायऱ्या म्हणून येतात. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये देशाच्या गवताची मांडणी केली, तेव्हा दख्खनच्या या पट्ट्याला पवन्या आणि मारवेल यांच्याच प्रजातींवरून नाव दिलं. पण हे गवत म्हणजे जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवरचा एक टप्पा, ही समजूत तशीच राहिली.

ती हलवणारं काम गेल्या काही दशकांतलं आहे. उष्ण प्रदेशातली ही गवतं सी-४ पद्धतीनं प्रकाशसंश्लेषण करतात. शिवालिकच्या खडकांतली कार्बनची समस्थानिकं सांगतात की अशा गवतांचा प्रसार सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वी झाला. माणसाच्या हातात कुऱ्हाड येण्याच्या कितीतरी आधी. डॉ. आशिष नेर्लेकर यांनी टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डॉक्टरेट करताना जोसेफ वेल्डमन यांच्याबरोबर जगभरच्या जुन्या गवताळ प्रदेशांची आकडेवारी तपासली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे : एकदा नांगरलेला किंवा उकरलेला जुना गवताळ प्रदेश मूळच्या जातींसह परत यायला किमान शतक लागतं, बहुतेक वेळा त्याहून कितीतरी जास्त. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी द्वीपकल्पीय भारताच्या माळरानांवर, जगात दुसरीकडे कुठंही न सापडणाऱ्या, दोनशेहून अधिक वनस्पतींची यादीही केली आहे. निव्वळ तोडलेल्या जंगलाच्या जागी एवढ्या स्थानिक जाती घडायला वेळच मिळाला नसता.

बारामतीहून काटेवाडीमार्गे इंदापूरचा रस्ता धरला. तुकोबांची पालखी याच वाटेनं जाते. आषाढात काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढं बेलवाडीला अश्वांचं. धनगर आपला कळप घेऊन पालखीला प्रदक्षिणा घालतात, तेव्हा हा मुलूख गवताचा आहे हे त्या सोहळ्यातच दिसतं. दिवाळीनंतर हे कळप कोकणाच्या बाजूला उतरतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं या धनगरांच्या ओव्या आणि बिरोबा-खंडोबाच्या कथा आयुष्यभर गोळा केल्या. नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये नेमकं तेच साहित्य परिसंस्थेचा पुरावा म्हणून वाचलं. जुन्या मराठी ओव्या, कथा, संतचरित्रं यांत आलेल्या ४४ रानवनस्पती त्यांनी ओळखल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक माळरानाच्या निघाल्या. पंढरपुरात संत कान्होपात्रेच्या समाधीवर उगवलं असं मानतात ते तरटीचं झाडही असल्याच कोरड्या, काटेरी मुलखातलं. प्रयोगशाळेत बसून समस्थानिकं मोजणाऱ्या माझ्यासारखीला हा अभ्यास वाचून मोठं बळ आलं.

दुपारी कडबनवाडीच्या माळावर पोहोचले. वन विभागाची गवताळ प्रदेशाची सफारी इथं आणि शिरसुफळला चालते, त्यामुळं आता लोक लांडगा, खोकड, धाविक बघायला मुद्दाम येतात. चौकट टाकून बसले होते, तर मेंढ्या हाकत एक म्हातारे मेंढपाळ जवळ आले. वहीकडे बघत म्हणाले, ‘‘काय हुडकतीस, ताई?’’

‘‘पवन्या बघतेय, बाबा.’’

‘‘हितं खाली न्हाई घावायचा. त्या वरच्या अंगाला जा. तितं मुरूम हाय, पाणी थांबत न्हाई. खालच्या अंगाला मारवेल. अन् जितं मेंढरं लई बसत्यात तितं नुसतं कुसाळ.’’

मी वर गेले. पवन्याचे ठोंब उताराभर उभे होते. आमच्या पुस्तकांत मातीची खोली, निचरा आणि चराईचा दाब यांवरून गवतांच्या जाती कशा बदलतात याची प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. बाबांनी ती मेंढ्यांमागं चालता चालता सांगून टाकली. संध्याकाळी त्यांच्याकडून आणखी नावं उतरवून घेतली. कुठलं गवत मेंढरू आधी तोडतं, कुठलं वाळल्यावरच खातं, कुठल्या वर्षी कुठलं जास्त उगवलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. माझ्या मार्गदर्शक मॅडमचा आग्रह असतो की हे ज्ञान प्रबंधाच्या आभाराच्या पानावर नको, माहितीच्या प्रकरणात हवं. ते तिथंच जाणार आहे.

दुसऱ्या दिवशी इंदापूरकडे जाताना लागलेला एक माळ बघून मात्र जीव तुटला. उतारावर ओळीनं समतल चर खणलेले, चरांच्या बांधावर गिरिपुष्पाची रोपं. हेतू चांगलाच : पाणी मुरावं, झाडी वाढावी. पण मी चरांच्या मधल्या पट्ट्यात चौकट टाकली आणि चराच्या उकरलेल्या मातीवरही टाकली. मधल्या पट्ट्याच्या यादीत पवन्या होता, शेवरा होता, कंद होते. उकरलेल्या मातीवर रानटी तण आणि हरळी. पवन्यासारख्या बहुवर्षायू गवताची मुळं तुटली, कंद उघडे पडले की ते परत येण्यासाठी बी उडून येणं पुरत नाही. शिवाय सावली पडली की उन्हातली ही गवतं हटतात, आणि त्यांच्यामागोमाग त्यांच्यावर जगणारी मेंढरं, चिंकारे, चंडोलही.

इंदापूरला पोहोचेपर्यंत उजनीच्या पाण्यावर संध्याकाळ उतरली होती. लॉजच्या खोलीत वर्तमानपत्राच्या घड्यांत नमुने दाबून ठेवले, प्रत्येकावर चिठ्ठी लावली : तारीख, अक्षांश-रेखांश, मातीचा रंग, आणि मेंढपाळांनी सांगितलेलं नाव. पुण्यात गेल्यावर ही पानं वनस्पती संग्रहालयातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्यांशी ताडून बघायची आहेत. कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ दरम्यान निघाला. त्या काळात गोळा झालेल्या गवतांतलं आज इथं काय टिकून आहे आणि काय गेलं, हे त्यातूनच कळेल.

विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. त्यात पूर्वअभ्यासक्रम, सल्लागार समितीच्या बैठका, शोधनिबंध, सगळं आलं. एवढ्यात माझ्या हाती पावसाळे मोजकेच येणार आणि माळाच्या वयापुढं ते काहीच नाहीत. म्हणून प्रबंधाकडून मी फार मोठं मागत नाही. बारामती-इंदापूरच्या कुठल्याही उतारावर जेसीबी लावण्याआधी वन विभागाच्या, ग्रामपंचायतीच्या हातात एक यादी असावी : या पाच-दहा जाती सापडल्या तर हा माळ जुना समजावा, इथं चर खणू नये, झाड लावू नये; पाणी मुरवायचं तर आधीच नांगरलेल्या, उघड्या पडलेल्या जमिनीवर मुरवावं, आणि चराई बंद करण्याऐवजी मेंढपाळांना विचारून तिचं वेळापत्रक बांधावं. गवत कापून, मोजून, नावं लावून अशी यादी करता येते. पवन्याचं नाव तिच्यात सगळ्यात वर असेल.